फोर टेटचे स्वप्नाळू संगीत क्लबच्या ठोक्यावर का उभे आहे

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. फोर टेटचे अल्बम हेडफोनवर ऐकताना तंद्री लागते, तरीही जाणकार त्याला क्लबचा संगीतकार म्हणतात, हे कसे, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्यांच्या गाण्यांची त्याने केलेली रीमिक्स मूळ गाण्यापासून इतकी दूर जाऊनही त्या गाण्याचीच का वाटतात, हा दुसरा भाग. इलेक्ट्रॉनिक संगीताचे मिश्रण करणे आणि क्लबात रेकॉर्ड वाजवणे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे हे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूने कमी आणि घडवणाऱ्याच्या बाजूने अधिक असेल. माझे मत आधीच सांगून टाकतो. या संगीतातील तंद्री क्लबच्या ठोक्याला चुकवून आलेली नाही, ती त्या ठोक्यामुळेच शक्य झाली आहे. नाचण्यासाठी बांधलेली शिस्त काढून घेतली, तर त्याच्या उत्तम रचनांमधले स्वप्नही हातात राहणार नाही.

फोर टेट म्हणजे कीरन हेब्डन. जन्म १९७७, लंडन. पटनी भागातील इलियट शाळेत शिकताना मित्रांसोबत त्यांनी ‘फ्रिज’ हा बँड काढला आणि पुढे फोर टेट या नावाने एकट्याचे काम सुरू केले. ‘डायलॉग’ १९९९ मध्ये आला, ‘पॉज’ २००१ मध्ये आणि ‘राउंड्स’ २००३ मध्ये. या तीनही अल्बमांत क्लब जवळजवळ नाही. ‘राउंड्स’ घरातल्या संगणकावर, इतर रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांतून रचलेला आहे. त्याच्या सुरुवातीला हृदयाच्या ठोक्यासारखा आवाज येतो, शेवटच्या रचनेत दाबल्यावर किंचाळणारे खेळणे आहे, आणि अधेमधे तारवाद्यांचे छोटे, चमकते तुकडे विखुरलेले आहेत. तालवाद्यांचे वळण हिप-हॉप आणि जॅझचे आहे. ते अडखळते, थांबते, मागे वळते. समीक्षकांनी त्या काळात या संगीतावर ‘फोकट्रॉनिका’ (लोकसंगीत अधिक इलेक्ट्रॉनिक) अशी चिठ्ठी चिकटवली आणि हेब्डन यांना ती फारशी रुचली नाही. मला ‘राउंड्स’ अतिशय प्रिय आहे, पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की इथली स्वप्नमयता नादाच्या पोतातून येते. वीणेसारखा एखादा सूर जवळून, जरा खरखरीत, जुन्या तबकडीच्या धुळीसकट ऐकू येतो आणि आपण त्यात रमतो. हे स्वप्न तुकड्यातुकड्यांचे आहे. ते फार काळ एका जागी टिकत नाही, कारण खालचा ताल त्याला टिकू देत नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. जेम्स ब्राउन आणि फेला कुटी यांच्यासोबत वाजवलेले अमेरिकन जॅझ ड्रमर स्टीव्ह रीड यांच्याबरोबर हेब्डन यांनी २००६ ते २००८ या काळात चार अल्बम केले. त्यांतील पहिले दोन म्हणजे पूर्वतयारीविना, समोरासमोर बसून केलेल्या वादनाची ध्वनिमुद्रणे. एका बाजूला न थांबणारा, जिवंत, सतत बारीक हलणारा ड्रम आणि दुसऱ्या बाजूला त्यावर तरंगणारे इलेक्ट्रॉनिक नाद. एकच लय दहा-पंधरा मिनिटे धरून ठेवली, तर श्रोता कंटाळण्याऐवजी हळूहळू आत उतरत जातो, हा धडा संगणकासमोर एकट्याने बसून मिळणे अवघड असते. तो दुसऱ्या माणसाच्या हातांतून शिकावा लागतो. रीड २०१० मध्ये गेले. त्याच वर्षी आलेल्या फोर टेटच्या अल्बममध्ये वेळेची जी नवी जाण दिसते, तिचे बरेचसे श्रेय मी या सहवासाला देतो.

दुसरे श्रेय एका तळघराला. लंडनच्या शोरडिच भागात कर्टन रोडवर ‘प्लास्टिक पीपल’ नावाचा छोटा क्लब होता. नाचण्याची जागा जवळजवळ काळोखी आणि ध्वनियंत्रणा शहरातील सर्वोत्तम यंत्रणांपैकी एक, अशी त्याची ख्याती होती. बघण्यासारखे काहीच नसल्यामुळे ऐकण्याखेरीज गत्यंतर नसे. हेब्डन तिथे नियमित रेकॉर्ड वाजवत आणि स्वतःच्या अपुऱ्या रचनाही तिथेच वाजवून पारखत. २०१० च्या ‘देअर इज लव्ह इन यू’ मधल्या कित्येक रचना अशा घडल्या, आणि त्यातील एका रचनेचे नावच त्या क्लबचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये क्लब बंद झाला, तेव्हा शेवटच्या रात्री फ्लोटिंग पॉइंट्स या संगीतकारासोबत हेब्डनच वाजवत होते.

आता त्या जागेने संगीतात नेमका काय बदल घडवला, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळे इथेच आहे. घरी रचना करताना स्वप्नाळूपणा आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनात घुमल्यासारखा येणारा प्रतिध्वनी. प्रत्येक सुराला लांब शेपूट जोडले की सगळे धूसर आणि सुंदर भासू लागते. हीच रचना क्लबच्या मोठ्या यंत्रणेवर वाजवली की धूसरपणाचा चिखल होतो. विशेषतः १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात बेसचा वरचा भाग, गिटारचा खालचा भाग आणि सगळ्या शेपट्या एकमेकांवर चढतात, किकचा, म्हणजे सर्वांत खालच्या ड्रमचा, ठोका बुजतो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. तिथे टिकायचे असेल तर खालचे नाद मोजके आणि मध्यभागी ठेवावे लागतात, किकला आखूड करावे लागते, दोन आवाजांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. थोडक्यात, धुके वापरण्याची मुभा राहत नाही. मग स्वप्न आणायचे कशातून? हेब्डन यांनी या अडचणीवर जे उत्तर काढले, ते मला त्यांच्या साऱ्या कामातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते: त्यांनी स्वप्न नादाच्या धूसरपणातून काढून काळाच्या मांडणीत नेले.

‘देअर इज लव्ह इन यू’ची पहिली रचना ‘एंजल एकोज’ ऐका. एका स्त्रीचा आवाज बारीक चिरून, मध्ये फटी ठेवून पुन्हा जोडला आहे. शब्द पूर्ण कळत नाहीत, पण गळा कळतो, श्वास कळतो, माणूस कळतो. फटींमुळे प्रत्येक तुकडा स्वच्छ ऐकू येतो आणि क्लबात चिखल होत नाही. तरीही अर्थ निसटत राहतो, म्हणून मन जागेपणाच्या काठावर राहते. अल्बमचा पहिला एकल (स्वतंत्रपणे काढलेले गाणे) ‘लव्ह क्राय’ नऊ मिनिटांहून लांब आहे आणि त्याचा सुरुवातीचा मोठा भाग केवळ तालवाद्यांचा आहे. घरी ऐकणाऱ्याला ही सुरुवात अकारण लांबवलेली वाटू शकते. डीजेला आधीच्या रेकॉर्डमधून या रेकॉर्डमध्ये जाण्यासाठी तेवढी जागा लागते, हे त्याचे व्यावहारिक कारण. पण त्याचा सांगीतिक परिणामही मोठा आहे. तीन मिनिटे नुसता ताल ऐकलेल्या कानाला पुढे येणारा एवढासा आवाज फार मोठा वाटतो. कोणताही नाद किती कोमल वाटेल, हे त्याच्या आधी आपण काय ऐकले आहे यावर ठरते, आणि नृत्यसंगीताइतके हे दुसऱ्या कोणत्याच संगीताने शिकवलेले नाही.

यामागची यंत्रणा समजून घेतली, तर पुढचे सगळे अल्बम उलगडतात. ठोका अगदी समान अंतराने येत राहिला की थोड्या वेळाने कान त्याची मोजदाद सोडून देतो. पुढचा ठोका येणार याची खात्री झालेली असते आणि लक्ष मोकळे होते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना हे नवे नाही. ठेका स्थिर असतो म्हणूनच गायकाला समेपासून दूर भटकता येते. हाउस या क्लबच्या नृत्यसंगीतात आवर्तन फार लहान, चार ठोक्यांचे असते. मिनिटाला १२५ ठोक्यांची गती धरली, तर एक ठोका ०.४८ सेकंदांचा आणि आठ आवर्तनांचा एक मोठा गट १५.३६ सेकंदांचा होतो. नाचणाऱ्यांना हा गट अंगातून कळतो आणि साधारण इतक्या अंतराने काहीतरी बदलेल असे त्यांना न सांगता ठाऊक असते. आता या चौकटीवर १५ ठोक्यांची एक सुरावट फिरत ठेवा आणि तिच्यासोबत १६ ठोक्यांची दुसरी. दोघींची सुरुवात एकत्र येण्यास २४० ठोके, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटे लागतात. तोवर प्रत्येक फेरीत त्यांचे परस्परांशी नाते थोडेसे बदललेले असते. श्रोत्याला नवे काहीच ऐकवलेले नसते, तरी तेच पुन्हा ऐकल्याची भावना होत नाही. या जातीच्या संगीतात तंद्री लावण्यासाठी अशा युक्त्या वापरल्या जातात, आणि खालचा ठोका घट्ट नसेल तर त्या केवळ गोंधळ वाटतात. तो घट्ट असेल तर श्रोता निर्धास्तपणे वाहत जातो.

याला जोडून डिलेबद्दल एक बारकावा सांगायला हवा. रिव्हर्बची शेपूट तालाशी बांधलेली नसते, ती आपल्या गतीने विरते. डिले म्हणजे त्याच आवाजाची ठरावीक अंतराने येणारी पुनरावृत्ती, आणि ते अंतर ठोक्याच्या पाऊणपट किंवा दीडपट असे बांधता येते. असा डिले तालाला बुजवत नाही, उलट त्याच्या फटींमध्ये आणखी एक हलका ताल विणतो. त्यामुळे वीणा, संतूर किंवा घंटी यांच्यासारखे टोकदार सुरुवात असलेले आणि लगेच विरू लागणारे नाद त्याच्यासाठी सर्वांत योग्य. फोर टेटच्या रचनांत छेडलेल्या तारांचे नाद इतक्या वेळा का येतात, याचे एक कारण आवड हे आहेच. दुसरे कारण असे, की हे नाद जागा थोडी घेतात आणि तालाला त्यांचा अडथळा होत नाही. लांब ताणलेल्या व्हायोलिनला क्लबच्या मिश्रणात जागा करून देणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच समजेल.

२०११ आणि २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या ‘टेक्स्ट’ या लेबलवर (रेकॉर्ड काढणाऱ्या संस्थेवर) एकामागून एक बारा इंची तबकड्या काढल्या आणि त्यांतील बहुतेक रचना २०१२ मध्ये ‘पिंक’ या अल्बममध्ये एकत्र केल्या. हा अल्बम मुख्यतः डीजेंसाठी आहे आणि तसाच ऐकावा. २०१३ चा ‘ब्यूटिफुल रिवाइंड’ लंडनच्या अनधिकृत रेडिओ केंद्रांच्या आणि ‘जंगल’ नावाच्या वेगवान नृत्यसंगीताच्या आठवणींवर उभा आहे. त्यातली ऊर्जा मला आवडते, परंतु तुम्ही ज्या गुणासाठी हे संगीत ऐकता तो तिथे कमी सापडेल.

२०१५ चा ‘मॉर्निंग/इव्हिनिंग’ मात्र थांबून ऐकण्याचा आहे. त्यात दोनच रचना आहेत, तबकडीच्या दोन बाजू, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या. पहिल्या बाजूवर लता मंगेशकर यांचा आवाज आहे. तो १९८३ च्या ‘सौतन’ या हिंदी चित्रपटातील, उषा खन्ना यांनी संगीत दिलेल्या गाण्यातून घेतला आहे. हेब्डन यांची आई भारतीय वंशाची, आणि या अल्बममागे आजोबांकडून वारशाने आलेला भारतीय भक्तिसंगीताच्या रेकॉर्डचा संग्रहही आहे. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहेच, पण कौशल्य कशात आहे ते पाहू. ‘एंजल एकोज’मध्ये आवाजाचे तुकडे केले होते. इथे लताबाईंची ओळ अखंड ठेवली आहे, ती पुन्हा पुन्हा येते आणि तिच्याखाली साधा किक आणि हाय-हॅट (ड्रमसंचातील झांजांची जोडी) चालू राहतो. सराव नसलेल्या हातांनी या आवाजावर बेस, तबला, तारवाद्ये असे थर चढवले असते. हेब्डन यांनी मधला मोठा प्रदेश रिकामा ठेवला. त्या आवाजातील सुराची सरळ, न डळमळणारी धार आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना येणारी मींड या दोन्ही गोष्टी उघड्यावर ऐकू येतात, आणि ठोका इतका साधा असल्यामुळे प्रत्येक पुनरावृत्तीत आपण त्या मींडेच्या थोडे अधिक जवळ जातो.

मराठी श्रोत्यांना ही बाजू ऐकताना एक खास अडचण येते. हा आवाज आपल्या कानात इतका रुजलेला आहे, की आपण लगेच शब्दांमागे, चित्रपटामागे, गाण्याच्या पुढच्या ओळीमागे धावतो, आणि पुढची ओळ आली नाही की काहीतरी तुटल्यासारखे वाटते. पहिल्यांदा ऐकताना मलाही तसेच वाटत होते. तिथे जरा धीर धरावा. चार-पाच फेऱ्यांनंतर पुढच्या ओळीची अपेक्षा विरते आणि उरतो तो निव्वळ गळा. ज्या श्रोत्याला भाषा कळत नाही त्याला हे आधीपासूनच मिळते; आपल्याला ते मिळवावे लागते, परंतु मिळाल्यावर आपल्या वाट्याला अधिक येते, कारण आपण ओळखीचा आवाज नव्याने ऐकत असतो. दुसरी बाजू उलट दिशेने जाते. तिथे बराच काळ ठोका नाही, संथ नाद आणि आवाजांचे पडसाद आहेत, आणि तालवाद्ये शेवटच्या भागात येतात. त्यामुळे दोन्ही बाजू सलग ऐकल्या, तर ठोका असताना लागलेली तंद्री आणि ठोक्याविना लागलेली तंद्री यांतला फरक एकाच बैठकीत कळतो.

आता रीमिक्सकडे येतो. रीमिक्स करणाऱ्याला मूळ गाण्याच्या वेगवेगळ्या पट्ट्या मिळतात, म्हणजे आवाज वेगळा, ड्रम वेगळा, बेस वेगळा, गिटार वेगळी. त्यांतले किती ठेवायचे, हा पहिला निर्णय आणि तोच सर्वांत मोठा. बहुतेक जण मूळ गाण्याची रचना तशीच ठेवून खालचा ताल बदलतात. मुखडा मुखड्याच्या जागी, अंतरा अंतऱ्याच्या जागी. हेब्डन अनेकदा रचना सोडून देतात आणि एकच घटक धरतात. कधी तो आवाजाचा तुकडा असतो, कधी सुरावट, कधी नुसता एका वाद्याचा रंग. मग त्या घटकाला मूळ गाण्यात जेवढा वेळ मिळाला होता त्याच्या कितीतरी पट वेळ ते देतात. तुम्ही विचारले होते, की इतके दूर जाऊनही रीमिक्स त्या गाण्याचेच का वाटते. त्याचे उत्तर यातच आहे. मूळ गाण्यात जी जागा कानाला हवीहवीशी वाटून दोन-तीन सेकंदांत निघून गेली होती, ती इथे पाच-सात मिनिटे हाती लागते. आपण त्या गाण्यातून बाहेर पडलेलो नसतो, त्याच्या एका कोपऱ्यात मुक्कामाला गेलेलो असतो.

अर्थात ही एकच पद्धत नाही. २००५ मध्ये त्यांनी मॅडव्हिलन या हिप-हॉप जोडीच्या रचनांची रीमिक्स केली, तेव्हा जोडीतील रॅपर एमएफ डूम यांचा रॅप अखंड ठेवला, कारण रॅपमध्ये शब्दांची गुंफण हाच कणा असतो. तो मोडला तर उरतेच काय? तिथे त्यांनी भोवतालचे सारे बदलले. रेडिओहेड या बँडच्या ‘हेल टू द थीफ’ या २००३ च्या अल्बममधील ‘स्कॅटरब्रेन’चे रीमिक्स ‘राउंड्स’च्या काळातले आहे आणि तसेच ऐकू येते: बँडचे गायक थॉम यॉर्क यांच्या आवाजाभोवती बारीक चिरलेले, लुकलुकणारे नाद, आणि ताल अडखळता. २००६ मध्ये ‘रीमिक्सेस’ नावाचा दोन डिस्कचा संग्रह निघाला. त्यात एका डिस्कवर त्यांनी इतरांची केलेली रीमिक्स आहेत आणि दुसरीवर इतरांनी त्यांच्या रचनांची केलेली. हा संग्रह क्लबच्या वळणाआधीचा असल्याने, तुलनेसाठी फार उपयोगी आहे.

त्या वळणानंतरचा नमुना म्हणून बायसेप या जोडीच्या ‘ओपल’चे २०१८ मधील रीमिक्स घ्या. मूळ रचना २०१७ ची आणि स्वतःच सुंदर आहे, तिचा ताल तुटक, उड्या मारत जाणारा आहे. हेब्डन यांनी त्यातली सुरावट धरली, ताल सरळ केला आणि सुरावटीला फिरण्यासाठी मोकळे मैदान दिले. ताल सरळ झाल्यावर तीच सुरावट एकदम अधिक हळवी वाटू लागते, आणि मध्ये ठोका बाजूला होतो तेव्हा तिचा खरा आकार दिसतो. २०१६ मध्ये एरिक प्रिट्झ यांच्या ‘ओपस’चे रीमिक्सही त्यांनी केले. मूळ ‘ओपस’ ही नऊ मिनिटांची एक प्रदीर्घ चढण आहे, संथ सुरावट हळूहळू वेग घेत पूर्ण गतीला पोहोचते, मोठ्या महोत्सवांच्या मैदानासाठी बांधलेली. हे काम फोर टेटच्या शैलीपासून दूर वाटते, पण तिथेही त्यांनी नेमका गाभा ओळखला: या रचनेत वाट पाहण्याचाच आनंद आहे. त्यांनी ती वाट पाहणे आपल्या पद्धतीने लांबवले. दुसऱ्याच्या रचनेचा कणा कोणता हे आधी ओळखायचे आणि मग बाकीचे निर्धास्तपणे सोडून द्यायचे, ही निवड करणारा कान मला त्यांच्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

यंत्रांचा विषय निघालाच आहे. २०१७ मध्ये ‘न्यू एनर्जी’ आला तेव्हा, तो जिथे ध्वनिमुद्रित आणि मिश्रित केला त्या जागेचे छायाचित्र हेब्डन यांनी प्रसिद्ध केले होते. त्यात लॅपटॉप, छोटे स्पीकर आणि अगदी मोजकी साधने दिसतात. महागडी सामग्री नसल्यामुळे अडून बसलेल्या नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. छोट्या स्पीकरवर काम करणारा माणूस खालच्या नादांबाबत आंधळा असतो, हे खरे. पण ज्याने त्या खालच्या नादांसमोर काळोख्या क्लबात अनेक रात्री उभे राहून कान घडवला आहे, त्याला ते न ऐकताही अंदाजता येतात. ‘न्यू एनर्जी’ मध्ये ठोक्याच्या रचना आणि ठोक्याविना छोट्या रचना आलटून-पालटून येतात आणि ‘टू थाउजंड अँड सेव्हन्टीन’ सारख्या रचनेत संतूरसारखे तारनाद संथ तालावर झुलत राहतात. २०२० चा ‘सिक्स्टीन ओशन्स’ मला तुलनेने विस्कळीत वाटतो. त्यात नाचाच्या रचना पहिल्या भागात आणि शांत तुकडे पुढच्या भागात असे गट पडतात, आणि दोन्ही गुण एकमेकांपासून वेगळे झाले की दोन्ही थोडे फिके पडतात. २०२४ च्या ‘थ्री’ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आहेत. आठच रचना, आणि शेवटच्या ‘थ्री ड्रम्स’ मध्ये जिवंत वाटणाऱ्या ड्रमवर सिंथेसायझरची लाट इतकी हळू चढत जाते, की ती कधी डोक्यावरून गेली ते कळत नाही. स्टीव्ह रीड यांच्यासोबतची ध्वनिमुद्रणे ज्याने ऐकली आहेत, त्याला हा ड्रम कुठून आला हे सांगावे लागणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेन या लोकप्रिय इलेक्ट्रॉनिक संगीतकारांसह त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवले. कर्टन रोडच्या तळघरापासून तिथपर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहे. मात्र त्या मोठ्या मंचांवरून त्यांच्या अल्बमांचा अंदाज बांधू नये. डीजे म्हणून वाजवणे आणि अल्बम रचणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि ते त्या वेगळ्या ठेवतात.

जुने अल्बम मध्यंतरी कुठे गेले होते, असा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून तेही सांगतो. डोमिनो या लेबलसोबत स्ट्रीमिंग आणि डाउनलोडमधल्या हिश्श्यावरून हेब्डन यांचा वाद झाला. त्यांना १८ टक्के मिळत होते आणि करारानुसार ५० टक्के मिळायला हवेत असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात असताना २०२१ च्या अखेरीस ‘पॉज’, ‘राउंड्स’ आणि ‘एव्हरीथिंग एक्स्टॅटिक’ हे तीन अल्बम लेबलने स्ट्रीमिंगवरून काढले. जून २०२२ मध्ये तडजोड झाली, ५० टक्के मान्य झाले आणि सुमारे ५७ हजार पौंडांची थकबाकी मिळाली. स्ट्रीमिंगच्या आधी झालेले करार ज्यांच्या कपाटात पडून आहेत, अशा प्रत्येक संगीतकाराने हे प्रकरण वाचण्यासारखे आहे.

आता ऐकण्याबद्दल. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. अशा स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचे फारच थोडे बाहेर येते आणि किकचा मूळ नाद ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ज्या आधारावर सारे उभे आहे तोच कापला जातो आणि वर उरलेला गोडवा उगाच पातळ वाटतो. बेस नीट देणारे स्पीकर असतील तर उत्तम, नाहीतर कान झाकणारे हेडफोन. सुरुवात ‘देअर इज लव्ह इन यू’ पासून करा आणि तो मधूनच न उघडता सलग ऐका. नंतर ‘राउंड्स’ कडे मागे जा, म्हणजे ठोका येण्याआधी आणि आल्यानंतर काय बदलले ते आपोआप लक्षात येईल. रीमिक्सच्या बाबतीत ‘ओपल’ आधी मूळ ऐका, लगेच पाठोपाठ रीमिक्स ऐका, आणि मग पुन्हा मूळ ऐका. तिसऱ्या वेळी मूळ रचनेत तुम्हाला आधी न ऐकलेली सुरावट ऐकू येईल. ‘मॉर्निंग/इव्हिनिंग’ साठी चाळीस मिनिटे मोकळी हवीत. आवाज एवढा ठेवा की किक छातीशी जाणवेल पण संभाषण दबणार नाही. दुसऱ्या बाजूवर तालवाद्ये येण्याच्या आधी आवाज वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण ती येतात तेव्हाची पातळी हेब्डन यांनी आधीच्या शांततेच्या हिशेबाने ठरवलेली आहे.